खाली घेतलेल्या मस्टँगची मागची पकड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे २००८ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, हाताने गिअर टाकायची, इथल्याच फ्लॅट रॉकच्या कारखान्यात जुळलेली. ती मी स्प्रिंग बदलून मागून-पुढून दीड इंच खाली घेतली. दिसायला गाडी देखणी झाली. पण पहिल्याच सिग्नलला जरा जोरात क्लच सोडला तर मागून थडथड असा आवाज आला, गाडी जागच्या जागी थरथरली आणि शेजारची साधी सेडान निघून गेली. ते दुरुस्त करण्यात माझे दोन उन्हाळे गेले. तेव्हापासून इथली मराठी मित्रमंडळी आणि पुण्यातले गाडीवेडे भाचे तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहे. सगळं २००५ ते २०१४ च्या मस्टँगबद्दल आहे. इथे या पिढीला तिच्या सांकेतिक नावाने एस-१९७ म्हणतात. मागे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच, त्याला बॉडीशी जोडणारे दोन खालचे आर्म (दांडे), वर मधोमध एक आर्म आणि आडवा पॅनहार्ड बार, अशी तिची मांडणी.

गाडी खाली घेतली तर पकड का जावी? वजन तर तेवढंच आहे.

वजनामुळे थोडा फरक पडतो, पण तो इतका लहान आहे की सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. आकडे मांडून बघू. चालकासकट गाडी १६८० किलो, चाकांमधलं अंतर २.७२ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ५२ सेंटिमीटर धरली आणि गाडी अर्ध्या जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या प्रवेगाने, निघाली, तर पुढच्या चाकांवरून सुमारे १६० किलो भार मागे सरकतो. गाडी ३८ मिलिमीटर खाली घेतली की गुरुत्वमध्य तेवढाच खाली येतो आणि हाच आकडा १४९ वर येतो. म्हणजे १२ किलोंच्या आत-बाहेरचा तोटा. तेवढ्याने गाडी थडथडत नाही.

खरा तोटा आर्मच्या कोनात आहे. चाकं जमिनीवर आहेत तिथेच राहतात, ॲक्सलही तिथेच राहतो. खाली येते ती बॉडी, आणि तिच्याबरोबर आर्मची पुढची टोकं. आर्मची लांबी ४५० मिलिमीटर धरली तर ३८ मिलिमीटरला तो जवळजवळ ५ अंश फिरतो. कारखान्याने विचार करून ठेवलेला कोन एका दुपारच्या कामात पुसला जातो, आणि स्प्रिंगच्या खोक्यावर त्याबद्दल एक अक्षर नसतं.

पाच अंशांनी इतकं काय बिघडतं?

हे एकदा नीट समजून घ्या, पुढची बरीच उत्तरं मग तुमची तुम्हालाच सापडतील.

इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचते तेव्हा गाडीला ढकलतो तो ॲक्सल, आणि तो ढकलतो खालच्या दोन आर्ममधून. त्याच वेळी चाकं पुढे फिरतात म्हणून ॲक्सलचं घर उलट फिरायला बघतं, त्याचं नाक वर उठतं. त्याला वरचा आर्म मागे ओढून धरतो. म्हणजे खालचे आर्म दाबाखाली आणि वरचा ताणाखाली.

आता खालच्या आर्मचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा वर आहे असं धरा. असा आर्म बॉडीला पुढे ढकलता ढकलता थोडा वरही उचलतो. बॉडी वर उचलायची तर दुसऱ्या टोकाने कशाला तरी खाली दाबायलाच हवं, आणि तिथे असतो ॲक्सल. पाणी भरलेली बादली उचलताना पाय जमिनीत रुततात, तसंच हे. हा दाब स्प्रिंग दबण्याची वाट बघत नाही, क्लच सुटताक्षणी टायरवर येतो. या गुणाला अँटी-स्क्वॅट म्हणतात, म्हणजे गाडीच्या ढुंगणाला खाली बसू न देण्याची ताकद.

गाडी खाली घेतली की खालचा आर्म आडवा होतो किंवा त्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा खाली जातं. मग तोच आर्म बॉडीला खाली खेचतो आणि ॲक्सलला वर उचलतो. ऐन क्षणी टायर हलका होतो. एकूण किती भार मागे येणार हे उंची, चाकांमधलं अंतर आणि प्रवेग यांवर ठरतं, ते आर्म बदलू शकत नाहीत. पण तो भार कोणत्या वाटेने आणि किती लवकर येणार हे आर्मच ठरवतात. टायरला गरज असते ती पहिल्या अर्ध्या सेकंदात. स्प्रिंगच्या वाटेने येणारा भार तिथे उशिरा पोचतो.

ती थडथड नक्की कशाची?

टायर पकडतो, आर्मच्या टोकांतले रबरी बुश (गुटके) पिळवटतात, ॲक्सलचं नाक वर उठतं. मग टायर सुटतो, पिळलेलं रबर परत उलगडतं, ॲक्सल खाली आपटतो, टायर पुन्हा पकडतो. सेकंदात अनेकदा. हे सुरू झालं की पाय ताबडतोब काढा. जोर लावून यातून बाहेर पडता येत नाही. या आपटण्यात ॲक्सल शाफ्ट आणि डिफरेन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचे, दाते तुटतात.

मग पहिला पैसा कुठे घालायचा?

खालच्या आर्मचं मागचं टोक खाली सरकवणाऱ्या ब्रॅकेटमध्ये. इथे त्यांना रिलोकेशन ब्रॅकेट म्हणतात. बॉडी खाली गेली म्हणून पुढचं टोक खाली आलं, तर मागचंही खाली न्यायचं, म्हणजे कोन परत मिळतो. ॲक्सलवरच्या मूळ कानात हा जाड पत्र्याचा ब्रॅकेट बसतो आणि आर्मसाठी खाली नवी भोकं मिळतात. भोक ५० मिलिमीटर खाली असेल तर साधारण ६ अंश परत येतात, म्हणजे गमावलेल्या ५ पेक्षा थोडे जास्तच.

मी स्वतः आधी नको त्या क्रमाने गेलो. आधी जाडजूड आर्म घेतले, मग भारी शॉक, आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. थडथड गेली ती ब्रॅकेटने. ते आधी लावले असते तर बाकीच्यातलं अर्धं घेतलंच नसतं.

ब्रॅकेटला दोन-तीन भोकं असतात. सगळ्यात खालचं घेऊ का?

रोजच्या गाडीला नको. सगळ्यात खालच्या भोकाने सरळ रेषेत पकड भरपूर मिळते, पण किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली वळणावर. आर्म पुढून वर चढलेला असेल आणि गाडी वळणात कलली, तर बाहेरचं चाक वर जाताना मागे सरकतं आणि आतलं पुढे. अख्खा ॲक्सल किंचित बाहेरच्या बाजूला वळतो. गाडीची शेपटी आपण होऊन बाहेर निघायला बघते. ओल्या रस्त्यावर, हायवेच्या गोल उताराच्या वळणावर हे अंगावर येतं. दुसरी किंमत ब्रेकवर. निघताना ॲक्सलला खाली दाबणारा आर्म जोरात ब्रेक दाबल्यावर उलटं करतो, मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक मारतानाही ॲक्सल उड्या मारू लागतो.

मी मधल्या भोकावर आहे. फक्त ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ धावपट्टीवर जायच्या दिवशी कोणी खालचं भोक वापरत असेल तर ते मला पटतं.

हे अँटी-स्क्वॅट घरी मोजता येतं का?

येतं, आणि मोजावंच. सपाट फरशी, एक टेप, एक ओळंबा आणि मोठा कागद पुरे. गाडी चारही चाकांवर उभी, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल, चालकाच्या जागी तुमच्या वजनाची पोती. खालच्या आणि वरच्या आर्मच्या चारही टोकांची जमिनीपासूनची उंची आणि मागच्या चाकाच्या मध्यापासूनचं अंतर लिहा. कागदावर गाडी बाजूने काढा, दोन्ही आर्मच्या रेषा पुढे वाढवा. त्या जिथे छेदतात त्या बिंदूवर खूण करा. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून या बिंदूतून एक रेषा काढा आणि ती पुढच्या चाकाच्या मध्यावरच्या उभ्या रेषेला किती उंचीवर मिळते ते बघा. त्या उंचीला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. उत्तर १ आलं तर अँटी-स्क्वॅट १०० टक्के, म्हणजे मागचा भाग ना बसणार ना उठणार.

रस्त्यावरच्या गाडीला ७० ते १०० च्या दरम्यान ठेवावं असं माझं मत आहे. गुरुत्वमध्याची उंची घरी नेमकी कळत नाही, म्हणून आकड्याच्या शेवटच्या अंकावर जीव टाकू नका. बदलाच्या आधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजा आणि फरक बघा.

जाड, वेल्डिंग केलेले आर्म घेतले तर?

मूळचा आर्म दाबलेल्या पत्र्याचा आहे आणि त्याचे बुश मऊ रबराचे. आर्म वाकण्यापेक्षा बुश दबण्याचा त्रास मोठा. त्यामुळे आर्म बदलताना लोखंडाच्या जाडीकडे कमी आणि टोकांकडे जास्त बघा.

पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात, पिळवटणं कमी करतात. पण गाडी कलते किंवा एक चाक खड्ड्यात जातं तेव्हा आर्मला आडवं पिळायला जागा लागते. दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन असेल तर ती जागा मिळत नाही, आर्म अडखळतो, आणि मागचं सस्पेन्शन अचानक कडक झाल्यासारखं वागतं. वळणात पकड गेली तर ती सावकाश नाही, झटक्यात जाते. म्हणून एका टोकाला पॉलियुरेथेन आणि दुसऱ्याला गोलाकार सांधा, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. ग्रीसची निपल असलेला बुश घ्या, नाहीतर वर्षभरात दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरतो. दोन्हीकडे गोलाकार सांधे घेतलेत तर पकड उत्तम, पण रस्त्याचा प्रत्येक खडा मागच्या सीटवर ऐकू येईल आणि इथल्या हिवाळ्यातल्या मिठाने ते सांधे लवकर खिळखिळे होतील.

वरचा आर्म बदलू का?

गरज पडली तरच. तो मागच्या सीटखाली बॉडीला धरलेला असतो, त्यामुळे कडक बुश टाकला की डिफरेन्शियलचा हुंकार थेट कानात येतो. २०११ पासून त्याची रचनाही बदलली, म्हणून घेताना गाडीचं वर्ष नक्की सांगा.

लांबी बदलता येणारा वरचा आर्म लागतो तो पिनियनच्या कोनासाठी, म्हणजे डिफरेन्शियलच्या नाकाच्या कोनासाठी. गाडी खाली घेतल्यावर तोही हलतो. मूळचा दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा) असेल आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरत नसेल तर त्याला हात लावू नका. एकसंध शाफ्ट टाकला असेल तर मात्र मोजावंच लागतं: दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटचे कोन समान हवेत, आणि जोर लागल्यावर नाक वर उठतं म्हणून उभ्या गाडीत ते १ ते २ अंश खाली ठेवायचं.

पॅनहार्ड बारने पकड वाढते का?

निघतानाची नाही. तो ॲक्सलला आडवं सरकू देत नाही एवढंच त्याचं काम. पण बॉडी खाली आली की बार आडवा होतो आणि ॲक्सलला एका बाजूला, या गाडीत चालकाच्या बाजूला, काही मिलिमीटर ढकलतो. रुंद टायर टाकलात की तेच मिलिमीटर फेंडरच्या कडेला घासतात. लांबी जुळवता येणारा बार घ्या, दोन्हीकडे टायर ते फेंडर अंतर मोजा, समान करा. काम अर्ध्या तासाचं आहे.

जोरात निघालं की काळा पट्टा उजव्याच चाकाचा का पडतो?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यात अख्ख्या ॲक्सलचं गणित आहे. प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलला पीळ देतो. मागून बघितलं तर हा पीळ ॲक्सलचं डावं टोक खाली दाबतो आणि उजवं उचलतो. २००८ च्या जीटीचा टॉर्क सुमारे ४३४ न्यूटन-मीटर, पहिला गिअर साधारण ३.४, म्हणजे शाफ्टवर १४७० न्यूटन-मीटरच्या आसपास. मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.५९ मीटर. भागलं तर जवळजवळ ९४ किलो उजवीकडून डावीकडे जायला बघतात.

पण तेवढाच उलटा पीळ इंजिन बॉडीला देतं, आणि बॉडी उजवीकडे कलते. तो कल जितका मागच्या स्प्रिंग आणि अँटी-रोल बारने (बॉडीचा कल रोखणाऱ्या दांड्याने) पेलला, तितका भार उजव्या मागच्या चाकावर परत येतो. पुढच्या सस्पेन्शनने पेललेला हिस्सा मात्र परत मिळत नाही. म्हणूनच ड्रॅगवाले मागे भक्कम अँटी-रोल बार लावतात आणि पुढचा सैल करतात. रस्त्यावर पुढचा काढून टाकायचा विचारही नको, वळणावर गाडी ताब्यात राहणार नाही. रस्त्यावरचा उपाय म्हणजे चांगल्या स्थितीतलं लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं. जीटीमध्ये ते मूळचंच आहे, पण आतल्या क्लचच्या चकत्या झिजतात. जुन्या गाडीत एकच काळा पट्टा दिसायला लागला तर आर्म विकत घेण्याआधी त्या चकत्या तपासा.

मूळच्या स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली तर?

नाही. टोकाची बैठक बिघडते, चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकते.

स्प्रिंग बदलल्या, शॉक मूळचेच ठेवले. चालेल?

काही महिने चालेल. नवी स्प्रिंग जास्त कडक असते, तिचं उसळणं आवरायला मूळचा शॉक तयार केलेलाच नसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंप स्टॉप. गाडी दीड इंच खाली गेली म्हणजे वर जायची जागा दीड इंचाने कमी झाली. निघताना मागचा भाग थोडा बसला की ॲक्सल रबराच्या ठोकळ्याला टेकतो, आणि तिथून पुढे स्प्रिंग जणू दगडाची होते. टायर लहानशा उंचवट्यावरून उडतो. ठोकळ्यावर बोटभर ग्रीस लावा, एक फेरी मारा आणि ॲक्सलवर डाग पडला का बघा. पडला असेल तर स्प्रिंगबरोबर मिळणारे आखूड ठोकळे बसवा. शॉक घेताना परतीचा दाब जुळवता येणारे घ्या, आणि परतीचा दाब फार घट्ट करू नका. घट्ट शॉक चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाही.

टायरबद्दल काहीच बोलला नाहीत.

कारण ते सगळ्यांना माहीत असतं, पण सांगतो. चांगले उन्हाळी टायर कुठल्याही ब्रॅकेटपेक्षा जास्त देतात. पण थडथडणाऱ्या गाडीला जास्त चिकट टायर लावले तर थडथड वाढते, कारण बुश आणखी जोराने पिळवटतात. आधी कोन, मग टायर. आणि तापमान शून्याच्या आसपास गेलं की उन्हाळी टायरचं रबर लाकडासारखं होतं. इथे ऑक्टोबरअखेर मी गाडी झाकून ठेवतो.

किती खाली घ्यावी?

मागून एक इंच, फार तर दीड. फोर्डने २०१२ मध्ये याच पिढीची बॉस ३०२ काढली, ४४४ अश्वशक्तीची, सर्किटवर पळवण्यासाठी. ती त्यांनी पुढून ११ मिलिमीटर खाली घेतली आणि मागून फक्त १ मिलिमीटर. गाडी तयार करणाऱ्यांनी मागची उंची जवळपास हलवलीच नाही, हे खाली घेण्याआधी मला माहीत असतं तर मी अर्धा इंच कमी घेतली असती.

माझी मस्टँग २०१५ नंतरची आहे. किंवा १९७९ ते २००४ मधली.

२०१५ पासून मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, तिथे अखंड ॲक्सलचे हे ब्रॅकेट बसतच नाहीत. तिथे सगळ्यात आधी सबफ्रेमचे मऊ बुश बघायचे. १९७९ ते २००४ मध्ये, १९९९ ते २००४ मधली कोब्रा सोडली तर बहुतेकींना चार आर्म असतात, वरचे दोन तिरके, पॅनहार्ड बार नाही. कोनाचं तत्त्व तेच, पण वरच्या तिरक्या आर्मना बाजूचा भारही पेलावा लागतो, म्हणून तिथे कडक बुश आणखी जपून वापरायचे.

पुण्यात आमच्या स्विफ्टला हे लागू होतं का?

नाही. तिला पुढची चाकं ओढतात, मागे नुसता टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी पिळवटणारी आडवी पट्टी, आहे. खाली घेतल्यावर पुढची पकड गेली असेल तर प्रश्न पुढच्या आर्मचा आणि टायरचा आहे. २०२० नंतरच्या थारला मात्र मागे अखंड ॲक्सल आणि आर्म आहेत. ती लोक उंच करतात, खाली घेत नाहीत, म्हणजे कोन उलट्या बाजूला बिघडतो.

आणि भाच्यांनो, कायदा बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने नोंदवलेल्या रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आहे. आरटीओच्या पासिंगला अडाल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही प्रश्न विचारेल.

घरी काम करताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

बोल्ट हवेत घट्ट करण्यात. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि तशातच पूर्ण ताकदीने पाना फिरवला जातो. रबरी बुशचा मधला नळा त्या कोनात आवळला जातो. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, उंची बरोबर येत नाही आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट आधी हाताने बसवा, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करा, बॉडी दोन-चारदा दाबून जागेवर बसू द्या, आणि मग कारखान्याच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने घट्ट करा. आत शिरताना स्टँड लावल्याशिवाय अंग गाडीखाली घालू नका, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. ३०० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन बघा, रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट हलला आहे. माझ्या ब्रॅकेटचा डावीकडचा वरचा बोल्ट पहिल्या खेपेला असाच हलला होता.